ऐनूंचा वारसा : एका हातातून दुसऱ्या हातात

जपानच्या उत्तरेला होक्काइदो नावाचे मोठे बेट आहे. त्या बेटावर सारू नदीच्या काठी निबुतानी नावाचे एक खेडे आहे. या खेड्यात तीन म्हातारे होते. तिघेही आपली जुनी भाषा अस्खलित बोलणारे, जुन्या प्रार्थना तोंडपाठ असलेले. एकदा त्यांच्यात गोष्ट निघाली, की आपल्या तिघांत भाग्यवान कोण? आणि तिघांचेही एकमत झाले, की जो सर्वांआधी मरेल तो! कारण त्याला त्याच्या भाषेत रीतीप्रमाणे निरोप द्यायला मागे दोघे उरतील. दुसरा जाईल तेव्हा निदान एकजण तरी असेल. पण तिसऱ्याने काय करावे? त्याच्यासाठी ते शब्द उच्चारणारे कोणी उरलेलेच नसणार.

आधी मरण येणे हेच भाग्य वाटावे, अशी पाळी माणसांवर का आली असेल? आणि त्यानंतर तिथे काय घडले? आज तुम्हांला तेच सांगायचे आहे. हे म्हातारे ऐनू समाजाचे होते. त्यांच्यापैकी एकाचा मुलगा कायानो शिगेरु याने ही हकीकत पुढे लिहून ठेवली. त्याच्याकडे आपण येणारच आहोत. पण आधी ऐनू लोक कोण, हे पाहू.

‘ऐनू’ या शब्दाचा त्यांच्या भाषेतील अर्थ ‘माणूस’ असा आहे. होक्काइदो, त्याच्या उत्तरेचे सखालीन बेट आणि ईशान्येला ओळीने पसरलेली कुरील बेटे ही त्यांची जुनी भूमी. त्यांची भाषा जपानीहून अगदी वेगळी. तिला स्वतःची लिपी नव्हती. शेती थोडीफार होती. पण मुख्य निर्वाह नदीतला सॅमन मासा, रानातली हरणे आणि कंदमुळे यांवर चाले. अग्नी, नदी, अस्वल, घुबड, मोठी झाडे, एवढेच काय, माणसाच्या उपयोगी पडणारी अवजारेसुद्धा त्यांच्या लेखी ‘कामुय’, म्हणजे देव किंवा दैवी शक्ती. कामुयने माणसाला अन्नवस्त्र द्यावे आणि माणसाने त्याचा मान राखून त्याला आदराने परत पाठवावे, असा हा देण्याघेण्याचा व्यवहार. ऐनूंची प्रत्येक कला या व्यवहारातून निघाली आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवा, म्हणजे पुढचे सारे नीट उलगडेल.

त्यांचे कापडच पाहा. त्याला ‘अत्तुश’ म्हणतात आणि ते झाडाच्या सालीपासून विणतात. झाडाच्या सालीचे कापड म्हटले, की आपल्याला ऋषिमुनींची वल्कले आठवतात. पण हे कापड नुसती साल ठोकून केलेले नसते. रीतसर धागा काढून मागावर विणलेले असते. ओह्यो नावाचा एल्म जातीचा एक वृक्ष तिकडच्या रानात होतो. उन्हाळ्याच्या सुरुवातीला झाडात रस चढतो आणि साल सहज सुटते. तेव्हा ऐनू माणसे रानात जातात. आधी झाडाची प्रार्थना करतात, मग बुंध्याशी खाच पाडून सालीची पट्टी वरपर्यंत ओढून काढतात. मात्र सगळ्या बाजूंची साल कधीच काढत नाहीत. सभोवतालची साल गेली, की झाड मरते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. एका बाजूची थोडी साल घ्यायची, बाकीची झाडाला ठेवायची. अंगावरच्या कापडासाठी झाडाचा जीव घ्यायचा नाही, असा हा नियम.

पुढचे काम पाहून तुम्हांला आपल्याकडची अंबाडी आठवेल. बाहेरची खरबरीत साल टाकून देतात आणि आतली मऊ साल दलदलीच्या किंवा गरम झऱ्याच्या पाण्यात कित्येक दिवस भिजत ठेवतात, नाहीतर लाकडाच्या राखेच्या पाण्यात उकळतात. मग तिचे कागदासारखे पातळ पापुद्रे सुटे होतात. ते धुऊन वाळवायचे, बोटांनी चिरून बारीक पट्ट्या करायच्या, पट्टीला पट्टी गाठीने जोडत, पीळ देत सूत करायचे. हे काम हिवाळ्यात, बाहेर बर्फ पडत असताना, आगटीशेजारी बसून बायका करीत. विणण्याचा मागही साधा. ताण्याचे एक टोक खांबाला बांधायचे आणि दुसरे विणणारणीने आपल्या कमरेला. ताण कमी हवा तर पुढे झुकायचे, जास्त हवा तर मागे रेलायचे. म्हणजे विणणाऱ्या बाईचे शरीर हाच मागाचा अर्धा भाग! असे कापड हलके, चिवट आणि पाण्याला दाद न देणारे होते. जुन्या काळी जपानी व्यापारी ते विकत घेत आणि जहाजांवरचे खलाशी ते अंगात घालीत.

कापडावर बायका दुसऱ्या कापडाच्या पट्ट्या लावून त्यांवर भरतकाम करीत. कोरीवकाम हे पुरुषांचे. ‘मकिरी’ नावाच्या लहान सुरीने ते लाकडात नक्षी काढीत. निबुतानीची ‘इता’ नावाची तबके प्रसिद्ध आहेत. आपल्या काठवटीची खोली काढून ती अगदी सपाट केली, तर जशी दिसेल तशी ही तबके असतात. अक्रोडाच्या किंवा कात्सुरा झाडाच्या लाकडाची. त्यांवर भोवऱ्यासारखी वळणे असतात, काट्यांचे आकार असतात, डोळ्यांचे आकार असतात आणि मधल्या जागेत माशाच्या खवल्यांसारखी बारीक जाळी असते. प्रत्येक आकाराला ऐनू भाषेत वेगळे नाव आहे. जुन्या चालीप्रमाणे तरुणाने स्वतः कोरलेली मकिरी आवडत्या मुलीला द्यायची आणि तिने स्वतः भरलेले वस्त्र त्याला द्यायचे. एकमेकांच्या हातचे काम पाहूनच एकमेकांची पारख व्हायची.

शब्दांचीही अशीच कला होती. ‘युकार’ म्हणजे वीरांच्या आणि कामुयांच्या लांबलचक गाथा. सांगणारा आगटीच्या कडेच्या लाकडावर काठीने ताल धरी, ऐकणारेही ताल धरून मधून मधून हुंकार देत. ‘मुक्कुरी’ हे बांबूच्या पट्टीचे वाद्य ओठांशी धरून दोरीने झटका देऊन वाजवीत. आपल्या मोरचंगाची बहीणच म्हणा. सखालीनच्या ऐनूंकडे ‘तोन्कोरी’ नावाचे तंतुवाद्य होते.

आता शिक्षक मंडळी विचारतील, की हे सगळे शिकवीत कुठे? शाळा नव्हती, पुस्तक नव्हते, इयत्ता नव्हत्या. सगळे शिक्षण घरात आणि रानात. आजी सूत काढी, नात जवळ बसून गाठ मारायला शिके. बाप लाकूड निवडी, मुलगा ते वाहून आणी आणि कोणते लाकूड का नाकारले ते पाही. रात्री आजोबा गाथा सांगत आणि मुले ऐकता ऐकता झोपी जात. भाषा, हात आणि रान या तिन्ही गोष्टी एकाच वेळी शिकल्या जात. त्यांतली एक जरी निसटली, तरी उरलेल्या दोन लंगड्या पडतात. आणि पुढे नेमके तेच झाले.

१८६८ साली जपानमध्ये मेइजी राजवट आली. पुढच्याच वर्षी, १८६९ मध्ये, तिने या बेटाला होक्काइदो असे नवे नाव दिले आणि वसाहतीसाठी वेगळे खाते उघडले. बाहेरून लाखो जपानी शेतकरी तिथे येऊन वसले. १८७१ साली ऐनू स्त्रियांच्या गोंदणावर, पुरुषांच्या कानांतल्या वाळ्यांवर आणि माणूस मेल्यावर त्याचे घर जाळण्याच्या चालीवर बंदी आली. १८७६ साली विषारी बाणांनी शिकार करण्याची मनाई झाली. हळूहळू नद्यांतील सॅमन धरणेही गुन्हा ठरले. ज्या माशाला ऐनू लोक ‘कामुय चेप’, म्हणजे देवाचा मासा म्हणत, तो आपल्याच नदीतून काढला की पोलीस दारात येऊ लागले. कायानोच्या लहानपणी त्याच्या वडिलांना याच गुन्ह्यासाठी पोलिसांनी घरातून नेले होते. मुलांना खायला घालण्यासाठी बापाने मासा धरला, एवढाच तो गुन्हा.

१८९९ मध्ये ‘संरक्षणा’च्या नावाने एक कायदा झाला. त्याने ऐनू कुटुंबाला शेतीसाठी पाच हेक्टरपर्यंत जमीन देऊ केली. पण पंधरा वर्षांत ती लागवडीखाली आली नाही तर परत घ्यायची, अशी अट घातली. चांगल्या जमिनी बहुतेक आधीच इतरांकडे गेलेल्या होत्या. मुलांसाठी वेगळ्या शाळा निघाल्या आणि शिक्षण फक्त जपानीत. हेतू असा, की ऐनूंनी ऐनू राहू नये.

कायद्याने जे झाले त्याहून मोठे नुकसान लाजेने केले. शाळेत मुलांना चिडवीत, लग्न जमताना अडचण येई, नोकरी मिळताना अडचण येई. तेव्हा पुष्कळ आईबापांनी मनाशी ठरवले, की आपली भाषा आपल्याबरोबर संपू दे, मुलांच्या वाट्याला हा त्रास नको. वाचकहो, त्या आईबापांना नावे ठेवू नका. आपले मूल सुखी व्हावे म्हणूनच त्यांनी तोंड मिटले. पण घरातली भाषा गप्प झाली, तेव्हा नक्षीची नावे गप्प झाली. नावे गेली, तेव्हा नक्षीचा अर्थ गेला. हात थांबायला मग फारसा वेळ लागला नाही.

अशा काळात काही माणसे उभी राहिली. पहिले नाव घ्यायचे ते चिरी युकिए या मुलीचे. तिचा जन्म १९०३ सालचा. ती आजीजवळ आणि इमेकानू नावाच्या मावशीजवळ वाढली. दोघीही युकार सांगण्यात निष्णात. भाषाशास्त्रज्ञ किन्दाइची क्योसुके त्यांच्या घरी आले, तेव्हा आपल्या आजीच्या या गाण्यांना एवढे मोल आहे, हे युकिएला प्रथम उमगले. तिने तेरा गाथा निवडल्या, एका बाजूला रोमन लिपीत मूळ ऐनू शब्द लिहिले आणि समोर जपानी भाषांतर दिले. मुलगी हृदयविकाराने आजारी होती. १९२२ च्या सप्टेंबरात पुस्तकाचे काम हातावेगळे केले आणि तोक्योत किन्दाइचींच्या घरी तिने प्राण सोडला. वय अवघे एकोणीस. पुस्तक १९२३ मध्ये निघाले. ऐनू माणसाने ऐनूंच्या गाथा स्वतः लिहून प्रसिद्ध केल्याचे ते पहिलेच मोठे उदाहरण. पुढे मावशी इमेकानूने आपल्याला येणाऱ्या गाथा लिहायला घेतल्या आणि शंभराहून अधिक वह्या भरल्या. युकिएचा भाऊ चिरी माशिहो होक्काइदो विद्यापीठात प्राध्यापक झाला आणि त्याने ऐनू भाषेचा कोश रचण्याचे काम केले.

दुसरे नाव कायानो शिगेरु यांचे. जन्म १९२६, निबुतानीत. त्यांच्या आजीला जपानी येत नसे. तिच्या मांडीवर त्यांनी ऐनू गोष्टी ऐकल्या. मोठेपणी पोटासाठी ते जंगलात लाकूडतोडीच्या कामाला जात. त्या दिवसांत बाहेरचे अभ्यासक खेड्यात येत, जुनी भांडी आणि अवजारे घेऊन जात, लोकांचे रक्तसुद्धा तपासायला नेत. १९५३ च्या सुमारास कायानो कामावरून घरी आले आणि पाहतात तो वडिलांनी जिवापाड जपलेली पूजेची काठी जागेवर नाही! तीही अशीच बाहेर गेली होती. त्या दिवशी त्यांनी ठरवले, की आता आपणच गोळा करायचे. मजुरीच्या पैशांतून, पुढे कोरीवकामाच्या मिळकतीतून, ते घरोघर फिरून वस्तू विकत घेऊ लागले. जी वस्तू मिळाली नाही, ती म्हाताऱ्यांना विचारून स्वतः बनवली. प्रत्येक वस्तूचे नाव, ती कोणत्या लाकडाची, ती कशी धरायची आणि तिच्याशी कोणते शब्द बोलायचे, हे सारे टिपून ठेवले. नाव आणि वापर हरवलेले अवजार म्हणजे नुसता लाकडाचा तुकडा, हे त्यांना पुरते कळले होते.

१९६० साली त्यांनी एक टेपरेकॉर्डर विकत घेतला. गरीब माणसाला तो चैनीचा वाटावा असा. तो घेऊन ते म्हाताऱ्यांच्या घरी जात आणि गोष्टी, गाणी, प्रार्थना ध्वनिमुद्रित करीत. त्याआधी सखालीनमध्ये हद्दपारी भोगलेल्या ब्रोनिस्वाव पिऊसुदस्की या पोलंडच्या अभ्यासकाने १९०२–०३ मध्येच मेणाच्या नळ्यांवर ऐनू आवाज टिपले होते. जपानच्या एनएचके नभोवाणीनेही दुसऱ्या महायुद्धानंतर ठिकठिकाणी जाऊन ऐनू गाणी मुद्रित केली आणि १९६५ मध्ये त्यांचा मोठा ग्रंथ काढला. पण बाहेरून आलेल्याने मुद्रित करणे वेगळे आणि शेजारच्या घरातल्या मुलाने, त्याच भाषेत ‘आजी, पुढे काय झालं?’ असे विचारत मुद्रित करणे वेगळे. सांगणाऱ्याचे मन दुसऱ्या प्रकारात अधिक मोकळे होते.

१९७२ मध्ये निबुतानीत ऐनू संस्कृतीचे वस्तुसंग्रहालय उघडले. कायानो तिथेच थांबले नाहीत. त्यांना कळून चुकले होते, की काचेच्या कपाटात ठेवलेली वस्तू टिकते, पण ती बनवणारा हात कपाटात ठेवता येत नाही. म्हणून १९८३ साली त्यांनी गावातल्या मुलांसाठी ऐनू भाषेचा वर्ग सुरू केला. १९९४ मध्ये ते जपानच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहात गेले. संसदेत बसणारे ते पहिले ऐनू. तिथे ते ऐनू भाषेत बोलले. ज्या भाषेची आईबापांना लाज वाटावी अशी परिस्थिती केली गेली होती, ती भाषा देशाच्या संसदेत उमटली! २००१ मध्ये त्यांच्या गावातून ‘एफएम पिपाउशी’ नावाचे एक चिमुकले नभोवाणी केंद्र सुरू झाले. त्याच्या लहरी गावाबाहेर फारशा जात नसत. पण रेडिओवर आपली भाषा ऐकू आली, की ती आपली भाषा आहे असे चारचौघांत म्हणायला धीर येतो. साप्पोरो शहरातूनही १९९० च्या दशकाच्या अखेरीस नभोवाणीवर ऐनू भाषेचे पाठ सुरू झाले. २००६ साली कायानो वारले.

इथे एक अवघड प्रश्न उभा राहतो, तो बाजाराचा. होक्काइदोला जाणारा प्रवासी तोंडात सॅमन धरलेले लाकडी अस्वल आठवण म्हणून घेऊन येतो. लोकांना ही ऐनूंची प्राचीन कला वाटते. वास्तविक अशी अस्वले विक्रीसाठी कोरण्याची चाल १९२० च्या दशकात पडली. मग ती खोटी म्हणायची का? घाई करू नका. ज्या काळात दुसरा आधार नव्हता, त्या काळात या अस्वलांनी कित्येक घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या आणि कोरणाऱ्या हातांची सवय जाऊ दिली नाही. कायानोंनीही प्रवाशांसाठी कोरीवकाम केले आणि त्या पैशांतून अस्सल वस्तू वाचवल्या. पण बाजाराची ओढही ओळखली पाहिजे. गिऱ्हाइकाला स्वस्त आणि लवकर हवे असते. सालीचे सूत काढायला महिने लागतात. यावर एक उपाय २०१३ साली झाला. जपान सरकारने निबुतानीची इता आणि निबुतानीचे अत्तुश यांना देशातील पारंपरिक हस्तव्यवसाय म्हणून मान्यता दिली. होक्काइदोतून असा मान मिळवणाऱ्या या पहिल्याच वस्तू. आता गिऱ्हाइकाला खरे-खोटे पारखता येते आणि कारागिराला आपल्या वेळेचे मोल मागता येते.

पण मान्यता मिळाली, तरी साल कुठून आणायची? ओह्योची मोठी झाडे पूर्वीच्या तोडीत पुष्कळ गेली. म्हणूनच सालीसाठी झाडे आणि इतर उपयोगी वनस्पती पुन्हा लावून ‘इवोर’, म्हणजे समाजाचे पोटापाण्याचे रान, पुन्हा उभे करण्याचे काम निबुतानीत आणि इतरत्र चालले आहे. नदीचा प्रश्न त्याहून बिकट. सारू नदीवर निबुतानी येथेच धरण बांधायचे ठरले, तेव्हा कायानो आणि त्यांचे गावकरी कायझावा तादाशी यांनी आपल्या जमिनी द्यायला नकार दिला आणि ते न्यायालयात गेले. कायझावा निकालाआधी वारले. त्यांच्या मुलाने खटला पुढे चालवला. २७ मार्च १९९७ रोजी साप्पोरोच्या न्यायालयाने सांगितले, की ऐनू हे इथले मूळचे लोक आहेत आणि त्यांच्या संस्कृतीचा विचार न करता जमीन ताब्यात घेणे बेकायदा होते. पण धरण तर बांधून झाले होते! ते पाडण्याचा हुकूम न्यायालयाने दिला नाही. न्याय कागदावर मिळाला आणि जमीन पाण्याखाली गेली. अलीकडे उराहोरो येथील ऐनूंच्या एका संघटनेने नदीच्या मुखाशी सॅमन धरण्याचा हक्क मागितला होता. १८ एप्रिल २०२४ रोजी न्यायालयाने तो फेटाळला. सॅमनच्या कातड्याचे जोडे शिवण्याची कला शिकवायची, तर आधी सॅमन हवा. हा साधा मुद्दा आहे.

तरीही तीस वर्षांत चित्र बरेच बदलले आहे. १९९७ मध्ये तो जुना १८९९ चा कायदा रद्द होऊन ऐनू संस्कृतीच्या संवर्धनाचा कायदा आला. २००८ साली जपानच्या संसदेने ऐनूंना मूळ रहिवासी मानणारा ठराव केला आणि २०१९ च्या कायद्यात ते शब्द लिहिले गेले. ऐनूंच्या नृत्यांना २००९ मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले. त्याच वर्षी त्यांची भाषा मात्र अतिशय धोक्यात असलेल्या भाषांत मोजली गेली. १२ जुलै २०२० रोजी शिराओई येथे सरोवराकाठी राष्ट्रीय ऐनू संग्रहालय आणि उद्यान उघडले. त्याचे नाव ‘उपोपोय’, म्हणजे अनेकांनी मिळून गाणे. तिथल्या पाट्यांवर ऐनू भाषेला पहिला मान आहे. शिराओईतच तरुण ऐनूंना तीन वर्षे ठेवून रानातून सामान आणण्यापासून विणकाम, कोरीवकाम, भाषा आणि विधी शिकवण्याचीही सोय झाली. साप्पोरो विद्यापीठात २०१० पासून ‘उरेश्पा’ नावाचा उपक्रम आहे. उरेश्पा म्हणजे एकमेकांना वाढवणे. ऐनू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती मिळते आणि जपानी विद्यार्थीही त्यांच्यासोबत बसून शिकतात.

सगळेच ऐनू यावर समाधानी आहेत, असे नाही. काहीजण म्हणतात, की नाचगाण्याला पैसा मिळतो, पण जमीन आणि नदी यांच्या हक्काचे नाव निघत नाही. पूर्वी अभ्यासासाठी विद्यापीठांनी थडग्यांतून नेलेल्या अस्थींचे दुःखही अजून निवलेले नाही. होक्काइदोच्या २०१७ च्या पाहणीत स्वतःला ऐनू म्हणवणारे सुमारे १३ हजार लोक मोजले गेले. २००६ साली हा आकडा जवळजवळ २४ हजार होता. माणसे एवढी मेली असा याचा अर्थ नव्हे. आपण ऐनू आहोत असे उघड सांगायला अजूनही पुष्कळांचे मन धजत नाही, हेही त्याचे एक कारण आहे.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, या साऱ्यातून मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. कला वाचवायची म्हणजे चार गोष्टी एकत्र वाचवाव्या लागतात. सामान देणारे रान आणि नदी, वस्तूची नावे सांगणारी भाषा, कामाचे मोल देणारे गिऱ्हाईक आणि शिकायला बसणारे मूल. पहिल्या तिन्हींना कायदा आणि पैसा मदत करू शकतो. चौथे मात्र लाज गेल्याखेरीज येत नाही. ऐनूंचे हात मुळात आळशी नव्हते की अडाणी नव्हते. वर्गात कुणीतरी मुलाच्या आजीची भाषा हसण्यावारी नेली, तिथून सुरुवात झाली. म्हणून वर्गात उभे राहताना आपल्या एका शब्दात किती बळ असते, याची जाण आपण ठेवलेली बरी.

त्या तीन म्हाताऱ्यांकडे शेवटी पुन्हा येऊ. त्यांची भीती खोटी नव्हती. ज्यांना ऐनू भाषा आईच्या दुधाबरोबर मिळाली, अशी पिढी आज जवळजवळ संपली आहे. पण निबुतानीत आजही मागाचे एक टोक खांबाला आणि दुसरे बाईच्या कमरेला बांधलेले दिसते. शेजारी कोणी तरुण मुलगी सालीची पट्टी बोटांनी चिरत बसते. गाठ चुकली, की थोरली बाई सोडवून पुन्हा मारायला लावते. त्या गाठीचे ऐनू नाव मुलीने आजीकडून ऐकलेले नसते. ते तिने वर्गात, पुस्तकात किंवा टेपवर ऐकलेले असते. तरी ते ती उच्चारते आणि तिचे बोट त्याबरोबर चालते. मध्येच तुटलेला धागा ऐनू बाया नेहमी असाच जोडत आल्या आहेत. तो अखंड दिसत नाही, जोडाची गाठ हाताला लागते, पण कापड विणले जाते.